थिनरने पुसलेलं नाव

मिरचीचा हंगाम आला की आमच्या नंदुरबारात माणूस भर रस्त्यात उभा राहून रडू शकतो आणि त्याला काय झालं म्हणून कुणी विचारत नाही. गावाबाहेर पथाऱ्या पडलेल्या असतात, म्हणजे मोकळ्या रानात एकरच्या एकर लाल मिरची वाळत घातलेली असते. एसटी तिथून जायला लागली की पुढच्या बाकापासून शिंका सुरू होतात आणि मागच्या बाकापर्यंत जातात. कंडक्टर तिकीट देता देता शिंकतो. ड्रायव्हर एका हाताने रुमाल नाकाला लावतो आणि दुसऱ्या हाताने गाडी हाकतो. परवा मीही त्या गाडीत होते. माझेही डोळे भरले होते, पण मिरचीचा त्यात फार वाटा नव्हता. माझ्या पिशवीत सुनावणीची नोटीस होती, येत्या सोमवारची.

मला सूड घ्यायचा आहे. हे वाक्य मी मऊ करून लिहिणार नाही. दाद, न्याय, निवारण हे शब्द मला चांगले माहीत आहेत. त्या शब्दांवरच मी वाढले. माझे वडील, आप्पा, शहाद्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. मजुरीची पत्रकं, जंगलहक्काची पत्रकं, दुष्काळी कामांची पत्रकं त्यांच्या हाताखालून गेली. इतर मुलांना गोष्टींची पुस्तकं मिळायची, मला चुकलेल्या छपाईची पत्रकं मिळायची. मी 'धिक्कार' हा शब्द 'कमळ'च्या आधी वाचला. तेव्हा मागणी कशी लिहायची हे मला कुणी शिकवायला नको. पण जी गोष्ट मनात आहे तिला तिच्याच नावाने हाक मारावी, हेही आप्पांनीच शिकवलं. ती गोष्ट सूड आहे.

झालं ते थोडक्यात सांगते. माझा सख्खा मामा भटू ब्राह्मणपुरीला मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देतो. त्याने एक युक्ती काढली. माझ्या कॉलेजातल्या सरांनी ती स्वतःच्या नावावर पेटंटसाठी दाखल केली. अर्जात मामाचं नाव नाही. माझंही नाही, पण माझं राहू द्या. ते पेटंट मिळू नये म्हणून मी हरकत घेतली आहे आणि सोमवारी दोन्ही बाजू ऐकल्या जाणार आहेत.

हे सगळं सुरू झालं तेही मिरचीच्याच हंगामात, तीन वर्षांपूर्वी.

मोटारीच्या पोटात तांब्याची तार असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती तार ज्या लोखंडावर बसते त्या लोखंडाची कुणी चौकशी करत नाही. त्याला गाभा म्हणूया. हा गाभा वरून ठोकळा दिसतो, पण ठोकळा नसतो. पातळ पत्र्यांची ती चळत असते आणि प्रत्येक पत्र्यावर रोगणाचा हात फिरवलेला असतो, या पत्र्यातली वीज त्या पत्र्यात जाऊ नये म्हणून. एकसंध लोखंड घेतलं तर त्यात वीज स्वतःभोवतीच घिरट्या घालत बसते. पाणी उपसत नाही, पातं फिरवत नाही, नुसती तापते आणि तापवते. पुस्तकात तिला भोवरा-प्रवाह म्हणतात. वर्गात ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वहीत फक्त लिहून घेतलं. गेलं वर्षभर मात्र तो माझ्या छातीत चालू आहे. मी जेवते, झोपते, लोकांशी बोलते आणि आत काहीतरी कुठलंही काम न करता गोल गोल फिरत तापत असतं.

आमच्या प्रयोगशाळेत हा गाभा छापायचं काम चालू होतं. हो, छापायचं. लोखंडाची पिठासारखी भुकटी पसरायची, लेसरने हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा भुकटी, पुन्हा लेसर. थरावर थर चढत वस्तू उभी राहते, मग ती भट्टीत भाजायची. ज्या लोखंडात सिलिकॉन जास्त असतं ते गाभ्याला उत्तम, पण लाटून त्याचे पत्रे करायला गेलं की तडकतं. छापताना पत्र्याची गरजच नाही, आणि पत्रे कापून कधी निघणार नाहीत असे आकार काढता येतात. मी आप्पांना फोनवर सांगितलं, "आप्पा, मी बी छापखानामाच शे."

"शाई कोनती?" आप्पांनी विचारलं.

"लोखंडनी भुकटी."

"आनि प्रुफं कोन तपासस?"

मी हसले. तेव्हा कळलं नाही की तो प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. प्रुफं तपासणारा आमच्याकडे कुणीच नव्हता. छापलेले गाभे तापत होते. सरांनी त्यात केसासारख्या बारीक फटी ठेवल्या होत्या, पत्र्यांमधल्या अंतराचं काम त्या फटींनी करावं म्हणून. संगणकावर सगळं बरोबर दिसायचं. मोटार चालवली की दहा मिनिटांत हात लावता यायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तसला एक गाभा फरसाणाच्या डब्यात घालून ब्राह्मणपुरीला नेला. मामाचं दुकान रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये. गव्हाच्या पहिल्या पाण्याचे दिवस, त्यात व्होल्टेज कमी, त्यामुळे दारात जळालेल्या मोटारींची रांग लागलेली. वार्निशचा गोड जळका वास आणि वाऱ्यावर येणारी मिरची, या दोन वासांची गाठ मला अजून सोडवता येत नाही. एक आला की दुसरा येतोच. कमलमामी अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसली होती. हातांना तेल लावलेलं आणि तोंड चालू.

"आठे मोटारी काय कमी जळतस," ती म्हणाली, "आते आंडेर डबामा भरीसन आनाले लागनी!" आंडेर म्हणजे लेक; मामी मला लेकच म्हणते.

मामाने गाभा हातात घेतला. मिक्सरच्या मोटारीएवढाच होता तो. मामाने तो कानाशी धरून नखाने वाजवला. मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने वाजवला. मग म्हणाला, "येन्हा पोटमा रेती शे."

"रेती नाही मामा, भरीव लोखंड आहे."

"मी काय सांगी ऱ्हायनू? रेती शे."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिकंज्यात गाभा पकडला आणि हॅक्सॉ लावला. तो गाभा छापायला दोन दिवस लागले होते. करवत अर्ध्यात गेली तेव्हा खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर करडी भुकटी सांडली, मेंदीच्या फुटलेल्या पुडीतून सांडावी तशी. फटींमध्ये अडकलेली, न वितळलेली भुकटी होती ती. आणि जिथे सांडली नाही तिथे ती भट्टीत भाजताना एकमेकींना चिकटून बसली होती. आम्ही वीज अडवायला फटी ठेवल्या आणि त्याच फटींत विजेसाठी पूल बांधून दिले. मोठमोठी यंत्रं असलेल्या खोलीत जे कुणाला दिसलं नाही, ते मामाला ऐकू आलं होतं.

"तुम्हीन फटले दोन्ही बाजूथाईन बुजी दिधं," मामा म्हणाला. "मोटार वार्निशमा बुडाडतस ना, ती तिरपी धरनी पडस. का? मझारनी हवाले भायेर निंघाले वाट लागस. हवा निंघनी तवय वार्निश मझार जास. फटनं एक तोंड मोकयं ठेवा. भट्टीमा घालानं आंगे भुकटी फुकीसन काढा. मंग माल भाजा, आनि मंग वार्निशमा बुडाडा. वार्निश वीज बी अडकाडी आनि फटले धरी बी ठेवी."

एवढंच. एक तोंड मोकळं ठेवा, भाजण्याआधी भुकटी काढा, भाजल्यावर रोगण मुरवा. आज त्या पेटंटच्या अर्जात हीच गोष्ट पानंच्या पानं लांबवून लिहिलेली आहे.

संक्रांतीला मी नवा गाभा घेऊन आले, मामाच्या सांगण्याप्रमाणे छापून भाजलेला. मामाने तो वार्निशमध्ये तिरपा सोडला आणि बुडबुडे थांबेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसून राहिला. गिऱ्हाईक आलं तर त्याला हातानेच गप्प बसवायचा. मग वार्निश वाळवलं, तार भरली, एका जुन्या घरगुती पंपाच्या बॉडीत बसवला. मोटार तासभर चालली. मामाने तळहाताची मागची बाजू तिच्यावर ठेवली आणि तशीच ठेवून तो मामीशी रात्रीच्या भाजीबद्दल बोलत राहिला. हात काढायची त्याला गरजच पडली नाही. मी इतकी मोजमापं शिकले आहे, पण त्या हाताइतकं स्पष्ट उत्तर मला कुठल्याही यंत्राने दिलेलं नाही.

मामाची एक रीत आहे. मोटारीचं कव्हर लावण्यापूर्वी तो त्याच्या आतल्या बाजूला लाल रंगाने आपलं नाव आणि तारीख लिहितो. बाहेर कधीच लिहीत नाही. लहान असताना मी विचारलं होतं, आत कोण बघणार? तो म्हणाला होता, जो मिस्तरी पुढे उघडेल तो बघेल, आणि माझं काम कच्चं असेल तर मला शिव्या घालायला त्याला नाव पाहिजे. त्या छोट्या मोटारीतही त्याने लिहिलं. बारीक ब्रशने, जीभ दातांत धरून. भटू, ब्राह्मणपुरी, आणि त्या दिवसाची तारीख.

मोटार मी कॉलेजात नेली. सरांनी ती दिवसभर चालवली, आकडे बघितले, पुन्हा बघितले. कव्हर उघडलं तेव्हा नाव दिसलं. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "वा, छान प्रथा आहे," ते म्हणाले. खरंच म्हणाले. त्या दिवशी सर मला आवडले होते, हे मी लपवणार नाही. सूड घेणाऱ्याने स्वतःच्या मूर्खपणाचाही हिशोब द्यावा.

आणि मी, पत्रकांवर वाढलेली मुलगी, आनंद झाल्यावर दुसरं काय करणार? पत्रक काढलं. 'मोटार का जळते?' असं वर ठळक अक्षरात. कमी व्होल्टेजने काय होतं, जुनी तार काढायला मोटार पेटवून दिली की पत्र्यांवरचं रोगण कसं जळतं, आणि खाली मामाच्या गाभ्याचं चित्र, उघड्या तोंडाच्या फटींसकट, कसा छापायचा, भुकटी कधी काढायची, वार्निश कधी मुरवायचं, सगळं. आप्पांनी प्रुफं तपासली. तळाला मुद्रकाचं नाव आणि तारीख त्यांनी स्वतः टाकली. बिननावाचं, बिनतारखेचं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, असं त्यांचं मत. होळीच्या आधी मी ते शहाद्याच्या स्टँडवर वाटलं, अक्कलकुव्याच्या बाजारात वाटलं. तिथे डोंगरातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "कशाचं आहे?"

"मोटार का जळते त्याचं."

"आमच्या पाड्यात लाईटच नाही, बाई," ते म्हणाले. "आधी लाईट येऊ दे, मग मोटार जाळू."

त्यांनी त्या पत्रकात शेंगदाणे बांधून घेतले. मला तेव्हा लाज वाटली. आज वाटतं, तेवढ्या एका वाक्यासाठी तरी ती फेरी व्हायला हवी होती.

पत्रकाचा फोटो मी सरांनाही पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, पत्रकं वाटून संशोधन होत नसतं. पुढे हसरा चेहरा. पावसाळ्यात त्यांनी पेटंटचा अर्ज केला, एका कंपनीबरोबर. मला पत्ता नव्हता. मी तोवर पदवी घेऊन बाहेर पडले होते.

कळलं ते गेल्या वर्षी, एका तांत्रिक मासिकातल्या त्यांच्या लेखावरून. लेखात उघडलेल्या मोटारीचा फोटो होता. मी लगेच ओळखली. त्या जुन्या पंपाच्या बॉडीला कडेला एक पोचा होता. मी मोबाइलवर फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कव्हरच्या आतल्या बाजूला नाव नव्हतं. जिथे नाव होतं तिथे एक फिकट, चकचकीत डाग होता, थिनरच्या बोळ्याने घासल्यावर पडतो तसा.

त्या डागाने मला पेटवलं. अर्जाने नाही. अर्ज काय, माणूस घाईत, लोभात, कंपनीच्या दबावाखाली करू शकतो, आणि नंतर स्वतःला सांगूही शकतो की नियमच असे आहेत. पण घासताना माणूस एकटा असतो. हातात बोळा असतो, समोर नाव असतं. ते नाव त्याला वाचता येत असतं. 'छान प्रथा' म्हणणाऱ्या माणसाने थिनरची बाटली उघडली, बोळा भिजवला आणि भटू या दोन अक्षरांवरून हात फिरवला. एकदा नाही, लाल ऑइलपेंट एकदा घासून जात नाही.

हे मी क्षमा करणार नाही. क्षमा मोठ्या मनाची असते असं मला शाळेत सांगितलं गेलं. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं कुणी घासली नव्हती.

धुळ्याच्या एका वकीलबाईंकडे मी कागद घेऊन गेले. त्यांनी अर्ज वाचला, पत्रक वाचलं, पत्रकाच्या तळाची तारीख बघितली आणि चष्मा काढला. म्हणाल्या, जी गोष्ट अर्जाच्या आधीच लोकांपुढे छापून गेली आहे तिच्यावर कुणाला मालकी मिळत नाही. मग ती परदेशातल्या मासिकात छापलेली असो की अक्कलकुव्याच्या बाजारात वाटलेली. मी तिथेच हसायला लागले. माझ्या हसण्याची मलाच भीती वाटली. त्या पुढे म्हणाल्या, "पण लक्षात ठेव. आपण जिंकलो तर हे पेटंट कुणाचंच राहणार नाही. तुझ्या मामांचंही नाही. ही युक्ती सगळ्यांची होईल."

"होऊ दे," मी म्हणाले आणि सही केली.

मामाला मी विचारलंच नव्हतं. ही माझी चूक. सरांनी मामाला न विचारता त्याचं नाव काढलं, आणि मी मामाला न विचारता त्याचं नाव परत यायची वाट बंद केली. दोघांचे हेतू वेगळे होते हे खरं. पण न विचारणं सारखंच होतं.

परवा एसटीतून उतरून मी दुकानात गेले ते हे सांगायलाच. मामा एका पाणबुडी मोटारीच्या कॉइली बसवत होता. स्लॉटमध्ये आधी जाड कागद घालायचा, मग तार, म्हणजे लोखंड आणि तांबं एकमेकांना भिडत नाहीत. मी सगळं सांगितलं. मामा ऐकत कागद कापत राहिला. बोलली ती दारात मिरचीची देठं खुडत बसलेली मामी.

"बठ्ठा जिल्हाले पत्रकं वाटनात, आनि घरमा इचारं नही? मोटार कॉलेजमा गई तवयपाईन तुन्हा मामानी भितवर खिया ठोकी ठेयेल शे. म्हने, सरकारनं प्रमाणपत्र ई, मन्हं नाव ऱ्हाई."

मी भिंतीकडे बघितलं. खिळा होता, देवाच्या फोटोशेजारी, रिकामा. मला माझ्याच पत्रकी भाषेची किळस आली. लोकांची युक्ती, सगळ्यांची युक्ती. या एका माणसाला काय हवं होतं, ते मी बघितलंच नव्हतं.

"अजून उशीर झालेला नाही," मी म्हणाले. "तू सांग, मामा. हरकत मागे घेते. तुझं नाव लागेल असं काहीतरी बघता येईल."

मामाने कागदाची आणखी एक पट्टी कापली. आणि तेवढ्यात, आमच्याकडे सगळी संकटं फोन करूनच येतात तसा, सरांचाच फोन आला. नोटीस त्यांनाही मिळाली होती. मी स्पीकर चालू केला.

"हे बघ," सर म्हणाले, "भावनेच्या भरात काही करू नकोस. मी कंपनीशी बोललोय. तुझं नाव घालू. तुझ्या मामांचंही घालू, सहसंशोधक म्हणून. रीतसर. तू फक्त हरकत मागे घे."

मामी देठं खुडायची थांबली. मी मामाकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी त्याने मान हलवली असती तर मी हरकत मागे घेतली असती आणि आयुष्यभर आतल्या आत तापत राहिले असते.

मामा फोनजवळ वाकला. "साहेब, मी भटू बोली ऱ्हायनू."

"नमस्कार, नमस्कार! तुमचं काम फार छान आहे हो."

"नाव लागनं ते मंग बाकीना मिस्तरीस्ले असं करता ई का?"

"म्हणजे... कंपनीची परवानगी घेऊन. नियमानुसार."

"हा," मामा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. "ते देखसूत. पह्यले मन्ही मोटार धाडी द्या. तीन वरीस व्हयनात. वार्निशनं काय व्हयनं ते देखनं शे माले."

"कुठली मोटार?"

"ती धाकली. तुमनाकडेच शे ना?"

सर म्हणाले, "अच्छा, ती. ती कापली आम्ही. आतला भाग बघायला, फोटोसाठी. कंपनीकडे तुकडे असतील."

"जळनी व्हती का?"

"नाही, नाही. उत्तम चालत होती."

मामाने हातातला कागद खाली ठेवला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलेलं नाही. तेव्हाही तो ओरडला नाही. पण त्याचा हात, तो तासभर मोटारीवर निवांत ठेवलेला हात, टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.

"चालती मोटार कापी टाकी?" तो म्हणाला. सरांना नव्हे. आम्हाला कुणालाच नव्हे.

सर काहीतरी समजावत होते. नमुना, चाचणी, आवश्यक प्रक्रिया. मामाने बोट पुढे केलं, पडद्यावरचं लाल बटण शोधलं आणि फोन बंद केला. मग फडक्याने हात पुसले, एकेक बोट पुसलं आणि माझ्याकडे वळला.

"पोरी," त्याने विचारलं, "सोमवारले कितला वाजता जानं शे?"